पात्यावरील बिंदूचा पत्ता

वर्गातल्या भिंतीवर मर्केटर पद्धतीचा जगाचा नकाशा असेल, तर त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. भूगोलाच्या तासाला एखादा चौकस विद्यार्थी हे विचारतोच, आणि 'गोल पृथ्वी सपाट कागदावर आणली की असे होते' असे सांगून आपण पुढे जातो. उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. हा नकाशा रचणाऱ्याने क्षेत्रफळे जाणूनबुजून बिघडू दिली, कारण त्याच्या मोबदल्यात त्याला दुसरे काही तरी वाचवायचे होते. हे राहिलेले अर्धे उत्तर सहसा वर्गात येत नाही.

असेच काहीसे वाचवण्याची गरज पुढे अगदी वेगळ्या ठिकाणी पडली. जलविद्युत केंद्रातील टर्बाइनचे पाते, जेट इंजिनातील टर्बाइनचे पाते, यांची पृष्ठे वळलेली आणि पिळलेली असतात. त्यांच्यावरून पाणी किंवा तप्त वायू कसा वाहील, कोठे किती दाब पडेल, याचे गणित आज संगणकावर केले जाते. त्या आज्ञावलीला पात्यावरचा प्रत्येक बिंदू ओळखता यावा लागतो. म्हणजेच प्रत्येक बिंदूला पत्ता द्यावा लागतो. हा पत्ता कसा घडत गेला, त्याची हकिकत या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

तीन आकडे की दोन?

अवकाशातील बिंदूचे स्थान सांगायला तीन आकडे लागतात, हे आपण निर्देशक भूमितीत शिकवतो. पण पात्यावर चालणाऱ्या मुंगीचा विचार करा. ती पाते सोडून वर उडू शकत नाही आणि धातूत शिरूही शकत नाही. तिला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे एवढ्या दोनच दिशा मोकळ्या आहेत. तेव्हा तिचा ठावठिकाणा दोन आकड्यांत सांगता आला पाहिजे. पृथ्वीवर आपण हेच करतो. पुण्याचे स्थान सांगताना आपण पृथ्वीच्या केंद्रापासूनची तीन अंतरे सांगत नाही, अक्षांश आणि रेखांश सांगतो. पृष्ठावर आखलेल्या अशा पत्त्याच्या आकड्यांना गणितात प्रचल म्हणतात.

ही कल्पना पूर्ण रूपात मांडली ती कार्ल फ्रीड्रिश गाउस यांनी, १८२७ साली, वक्रपृष्ठांवरील आपल्या लॅटिन प्रबंधात. त्याआधी काही वर्षे ते हॅनोव्हर राज्याच्या भूमापनात गुंतले होते, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. गाउस यांनी पृष्ठावरच्या बिंदूचे तिन्ही निर्देशक दोन प्रचलांच्या भाषेत लिहिले. मग त्यांनी विचारले की, प्रचल थोडेसे बदलले तर पृष्ठावर प्रत्यक्षात किती अंतर कापले जाते? या हिशोबातून त्यांना एक निष्कर्ष मिळाला. काही पृष्ठे न ताणता, न फाडता सपाट करता येतात आणि काही येतच नाहीत.

हे वर्गात करून दाखवण्यासारखे आहे. डब्यावरचे लेबल सोडवले की ते टेबलावर सपाट बसते. शेंगदाण्याची कागदी पुडी उलगडली की तीही सपाट होते. संत्र्याची साल मात्र दाबली की फाटते. टर्बाइनचे पाते बहुधा संत्र्याच्या सालीच्या जातीचे असते. त्याचा सपाट नकाशा काढायचा तर काही तरी बिघडणारच. काय बिघडू द्यायचे, एवढेच आपल्या हाती उरते.

मर्केटरची युक्ती

जेरार्डस मर्केटर यांचा नकाशा १५६९ सालचा. तो दर्यावर्दी लोकांसाठी होता आणि त्यांना क्षेत्रफळाशी कर्तव्य नव्हते. होकायंत्राचा कोन कायम ठेवून जहाज हाकले, तर नकाशावर तो मार्ग सरळ रेषा दिसावा, ही त्यांची गरज. त्यासाठी नकाशावर कोन खरे राहिले पाहिजेत. ६० अंश अक्षांशावरचे वर्तुळ विषुववृत्ताच्या निम्मे असते, पण नकाशात दोन्ही सारख्याच लांबीच्या रेषा होतात. म्हणजे तेथे पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट ताणले गेले. कोन राखायचे तर उत्तर-दक्षिण अंतरही तेथे दुप्पटच ताणायला हवे. त्यामुळे क्षेत्रफळ चौपट होते. ग्रीनलंड फुगते ते यामुळे. हा ताण जागोजाग वेगळा असल्याने त्याचे लहान लहान तुकडे करून बेरीज घ्यावी लागते. इंग्लंडच्या एडवर्ड राइट यांनी १५९९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा बेरजांचे कोष्टक दिले. तेव्हा न्यूटन आणि लायब्निट्स यांचा जन्मही झाला नव्हता, पण राइट करीत होते ते एका परीने संकलनच होते.

आता पाण्याच्या टर्बाइनकडे येऊ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल येथे कापडगिरण्यांना कालव्याच्या पाण्यावर चालवले जाई. तेथील अभियंते जेम्स फ्रान्सिस यांनी १८४९ च्या सुमारास बाहेरून आत पाणी घेणारे टर्बाइन सुधारून बांधले आणि १८५५ साली आपल्या प्रयोगांचा ग्रंथ छापला. आज ज्याला फ्रान्सिस टर्बाइन म्हणतात, त्यात पाणी परिघाकडून आत येते आणि वळून आसाच्या दिशेने खाली जाते. हा मार्ग आसाभोवती फिरवला तर जे पृष्ठ तयार होते ते धोतऱ्याच्या फुलासारखे, एका टोकाला पसरट आणि दुसऱ्या टोकाला नळीसारखे. पाण्याचे थर अशा एकात एक बसलेल्या फुलांवरून सरकतात असे ढोबळमानाने मानता येते, आणि प्रत्येक थरावर पात्याची एक वळलेली रेघ उमटते.

या रेघेत सर्वांत महत्त्वाचा असतो तो कोन. पाणी ज्या कोनात येते त्याच्याशी पात्याच्या कडेचा कोन जुळला नाही, तर पाणी आपटते, भोवरे होतात आणि शक्ती वाया जाते. म्हणून ड्रॉइंग ऑफिसात अशा पात्याची आखणी कोन राखणाऱ्या सपाट चित्रावर करण्याची पद्धत रुळली. आडव्या दिशेला आसाभोवतीचा कोन घ्यायचा. उभ्या दिशेला फुलाच्या बाजूवरून मोजलेल्या अंतराचा प्रत्येक लहान तुकडा घेऊन त्याला त्या ठिकाणच्या त्रिज्येने भागायचे आणि बेरीज करीत जायचे. पृष्ठ धोतऱ्याच्या फुलाऐवजी गोल असते तर या रीतीने नेमका मर्केटरचा नकाशाच हाती आला असता. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे ताडून पाहायला सांगावे, दोन ओळींचे काम आहे. सपाट कागदावर पात्याची रेघ हवी तशी सफाईदार काढायची आणि मग तीच उलट्या हिशोबाने फुलावर चढवायची. साच्यासाठी लाकडी नमुना करणारा सुतार मग समांतर छेदांप्रमाणे फळ्या कापून एकावर एक चिकटवी आणि पायऱ्या तासून पाते काढी. आज टर्बाइनयंत्रांच्या आज्ञावल्यांत पात्याचे कोन राखणारे जे चित्र पडद्यावर दिसते, ते याच हिशोबाचे असते.

नाकापाशी अडते

जेट इंजिनाने प्रश्न आणखी अवघड केला. १९३७ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल यांचे पहिले इंजिन चाचणीसाठी धावले. फिरत्या चक्राच्या बुडापाशी पात्याचा वेग कमी आणि टोकापाशी जास्त असतो, हे छताच्या पंख्यावरूनही कळते. वायूची फिरकीही त्रिज्येनुसार बदलते. म्हणून पाते बुडापासून टोकापर्यंत ठरावीक हिशोबाने पिळलेले हवे, असा व्हिटल यांचा आग्रह होता आणि त्यावरून वाफेच्या टर्बाइनांची सवय असलेल्या अभियंत्यांशी त्यांचा वादही झाला. अशा पात्याचे वर्णन करण्याची सोयीची रीत म्हणजे वेगवेगळ्या उंचीवर त्याचे आडवे छेद द्यायचे. किती उंचीवरचा छेद, हा पत्त्यातला एक आकडा झाला. छेदाच्या कडेवर कोठे, हा दुसरा. पहिला आकडा सोपा आहे. खरी अडचण दुसऱ्यात आहे.

छेदाचा आकार साधारण माशासारखा असतो, पुढे गोलसर नाक आणि मागे निमुळती शेपटी. विमानाच्या पंखांसाठी अमेरिकेच्या 'नॅका' या सरकारी संस्थेने १९३३ साली ७८ छेदांची एक मालिका प्रसिद्ध केली. तिच्यातील आकार सूत्रांनी दिले होते. नाकापासूनचे अंतर 'क्ष' दिले की जाडी किती, ते सूत्र सांगते. त्यातील ००१२ हा छेद घेऊ. त्याची लांबी १०० सेंटिमीटर धरली, तर मध्यरेषेपासून वरची सर्वांत मोठी उंची ६ सेंटिमीटर. पण यातले ४.६८ सेंटिमीटर, म्हणजे शेकडा ७८ उंची, पहिल्या १० सेंटिमीटरांतच गाठली जाते! नाकाच्या टोकाशी तर रेघ सरळ उभीच असते. तेव्हा 'क्ष' हाच पत्ता मानून दर १० सेंटिमीटरला एक बिंदू घेतला आणि बिंदू सरळ रेषांनी जोडले, तर नाकाच्या जागी टोकदार पाचर तयार होते. प्रवाह दुभंगतो तो नेमका येथेच. ही जागा चुकली की पुढचे सारे गणित चुकते.

तोड निघाली ती पत्ता बदलून. रशियाचे निकोलाय झुकोव्हस्की यांनी १९१० च्या सुमारास एक रूपांतर वापरले होते, त्यात वर्तुळाचा पंखाचा छेद होतो. मग छेदावरच्या बिंदूचा पत्ता म्हणून मूळ वर्तुळावरचा कोनच घेता येतो. नॅकाच्या छेदालाही अशीच युक्ती लावता येते. छेदाच्या लांबीवर अर्धवर्तुळ काढा, त्याचे १८-१८ अंशांचे दहा सारखे भाग करा आणि त्या बिंदूंपासून खाली लंब टाका. लांबी १०० धरली तर लंबांची स्थाने ०, २.४, ९.५, २०.६, ३४.५, ५० अशी येतात, आणि पुढे याच क्रमाने उलट. बिंदू तेवढेच, पण ते नाकाशी आणि शेपटीशी आपोआप दाटतात. शिवाय नॅकाच्या सूत्रात नाक गोल करणारे एक पद आहे, ते क्ष च्या वर्गमुळाचे. तेच उभ्या रेघेची अडचण करते. कोनाच्या भाषेत लिहिले की ते वर्गमूळ म्हणजे अर्ध्या कोनाची ज्या होते आणि अडचण नाहीशी होते. आकार तोच राहिला, फक्त पत्ता बदलला.

मोटारींच्या कारखान्यातून

सूत्रात बसणारे छेद ठीक आहेत, पण चांगली पाती सूत्रात बसायला बांधील नसतात. मनाजोगती वक्ररेषा काढायची जुनी रीत जहाज बांधणाऱ्यांची. लाकडाची लवचीक पट्टी घ्यायची, शिशाच्या वजनांनी ती ठरावीक बिंदूंवर दाबून धरायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. या पट्टीला इंग्रजीत स्प्लाइन म्हणतात. वाकताना पट्टी कमीत कमी ताण घेते, म्हणून रेघ देखणी येते. पण मूळ आकार राहतो तो लाकडी फर्म्यात, आणि फर्मा पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. अमेरिकेच्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाचे आकार शांकव वक्रांच्या सूत्रांत बसवले आणि १९४४ साली ती पद्धत पुस्तकात मांडली. फर्म्याची जागा आकड्यांनी घेतली.

पुढची पायरी फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत रचली गेली. सिट्रोएनमधील तरुण गणिती पॉल द कास्टेल्झो यांनी १९५९ साली एक विलक्षण सोपी रीत शोधली. ती पट्टी-पेन्सिलीने करता येते. (०, ०), (०, ३) आणि (५, ३) हे तीन बिंदू घ्या. पहिल्या दोन बिंदूंचा मध्य (०, १.५), पुढच्या दोहोंचा (२.५, ३). या दोन मध्यांचा मध्य (१.२५, २.२५). हा बिंदू वक्रावर आहे. मध्याऐवजी एकतृतीयांश, एकचतुर्थांश असे कोणतेही प्रमाण 'प' घेऊन हीच कृती केली की वक्रावरचा दुसरा बिंदू मिळतो. सूत्र मांडले तर क्ष = ५प² आणि य = ६प − ३प². येथे वक्र उभा निघून आडवा होतो, म्हणजे पात्याच्या नाकाचा वरचा अर्धा भागच जणू. 'प' हा प्रचल शून्यापासून एकापर्यंत शांतपणे चालतो, त्याला उभ्या रेघेची अडचण येत नाही. क्ष च्या भाषेत 'प' काढायला गेलो तर वर्गमूळ येते, नॅकाच्या सूत्रातले तेच वर्गमूळ!

सिट्रोएनने हे काम गुप्त ठेवले. रेनो कारखान्यातील पिएर बेझिए स्वतंत्रपणे त्याच वक्रांपाशी पोचले आणि त्यांनी साठच्या दशकात ते प्रसिद्ध केले. म्हणून आज जग त्यांना बेझिए वक्र म्हणते. द कास्टेल्झो यांचे नाव त्या कृतीला मिळाले ते बरेच उशिरा. कारखान्याने आपले गुपित राखले, पण त्यापायी श्रेय गमावले ते माणसाने. हा व्यवहार आम्हांला न्याय्य वाटत नाही.

वक्रासाठी एक प्रचल, तसे पृष्ठासाठी दोन. १९६७ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्टीव्हन कून्स यांनी चार कडा दिल्या असता मधले पृष्ठ भरून काढण्याची रीत मांडली. शुद्ध बेझिए वक्राने नेमके वर्तुळ काढता येत नाही, ती उणीव भरून काढणारी सर्वसाधारण रचना केन व्हर्स्प्रिल यांच्या १९७५ सालच्या प्रबंधात आली. आज पात्याचे पृष्ठ संगणकात साठवले जाते ते बहुधा याच रूपात.

पात्याभोवतीची जाळी

येथवर पत्ता पृष्ठावरच्या बिंदूंना मिळाला. प्रवाहाला तो पात्याभोवतीच्या पोकळीतही हवा. अमेरिकेत नॅकाच्या क्लीव्हलंड येथील प्रयोगशाळेत काम करणारे चिनी शास्त्रज्ञ वू चुंग-हुआ यांनी १९५२ साली टर्बाइनयंत्रातील त्रिमिती प्रवाहाचा सिद्धान्त मांडला. प्रवाह त्यांनी दोन जातींच्या पृष्ठांत विभागला. एक जात एका पात्यापासून शेजारच्या पात्यापर्यंत पसरलेली, दुसरी बुडापासून टोकापर्यंत. त्रिमिती प्रश्न असा दोन द्विमिती प्रश्नांत वाटला जाई आणि आलटूनपालटून सोडवला जाई. त्या काळच्या गणकयंत्रांची ताकद पाहता ही शक्कल फार उपयोगाची ठरली. १९५४ साली वू चीनला परतले.

तरीही जाळी सरळ चौकटींची असली, तर तिरके पाते तिला वेडेवाकडे कापते आणि पात्याची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. १९७४ साली थॉम्पसन, थेम्स आणि मास्टिन या तिघांनी उलटी वाट धरली. जाळीच्या रेषांनीच वस्तूला बिलगून वळावे आणि त्या रेषा कोठून जातील हेही एका समीकरणातून संगणकाने काढावे. मग प्रत्यक्षात जाळी कितीही वळली, तरी पत्त्यांच्या दुनियेत ती चौकोनी वहीसारखी राहते आणि प्रवाहाचे गणित त्या वहीवर करता येते.

फक्त ताणाचा हिशोब विसरता कामा नये. हा ग्रीनलंडचाच प्रश्न आहे. वर अर्धवर्तुळावरून काढलेले दहा भाग पाहा. पहिला भाग लांबीचा शेकडा २.४ व्यापतो, मधला शेकडा १५.५. दहाही भागांवरच्या दाबांची नुसती सरासरी काढली, तर नाकावरच्या भागाला त्याच्या लांबीच्या मानाने मधल्या भागापेक्षा सहापटींहून अधिक मान मिळतो. आणि दाबात सर्वांत मोठे चढउतार असतात ते तेथेच. म्हणून प्रत्येक पत्त्यासोबत तेथील खरे क्षेत्रफळ किती, हा गुणकही बाळगावा लागतो. गाउस यांच्या प्रबंधातील राशी त्या याच.

पाते हलते, पत्ता हलत नाही

एवढा खटाटोप करण्यापेक्षा तीन साधे निर्देशकच का वापरू नयेत, असे कोणी विचारील. याचे आम्हांला पटलेले उत्तर चालत्या यंत्रात आहे. थंड, थांबलेले पाते आणि पूर्ण वेगाने फिरणारे पाते यांचा आकार एक नसतो. फिरण्याच्या ओढीने पाते लांबते, त्याचा पीळ थोडा सुटतो, आणि जेट इंजिनात ते तापून फुगतेही. प्रत्येक बिंदूचे तिन्ही निर्देशक बदलतात. पण नाकापासून कडेने अमुक इतके आणि बुडापासून उंचीच्या अमुक इतके, हा पत्ता धातूला चिकटलेला असतो, तो बदलत नाही. फुग्यावर शाईने चौकटी आखून फुगा फुगवला, तर चौकटी मोठ्या होतात पण तिसऱ्या ओळीतले पाचवे घर तेच राहते, तसे हे आहे. प्रवाहाच्या आज्ञावलीने काढलेला दाब धातूवरील ताणाच्या आज्ञावलीकडे सोपवताना म्हणूनच पत्ता उपयोगी पडतो. दोघींच्या जाळ्या वेगळ्या असल्या तरी पृष्ठ एकच असते.

उलट दिशेचे काम मात्र सोपे नाही. मोजलेल्या बिंदूचे तीन निर्देशक हाती आहेत, त्याचा पृष्ठावरचा पत्ता कोणता? पृष्ठावरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधावा लागतो, तो न्यूटनच्या रीतीने, अंदाज सुधारत सुधारत. शेपटीशी पात्याच्या दोन बाजू इतक्या जवळ येतात की पहिला अंदाज ढिला असेल तर उत्तर भलत्याच बाजूवर जाऊन बसते.

हे काम कोठे लागते, याचे उदाहरण आपल्या देशात आहे. हिमाचल प्रदेशात सतलज नदीवर नाथपा झाकडी हे १५०० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. त्यात २५० मेगावॉटची सहा फ्रान्सिस टर्बाइने आहेत. पावसाळ्यात सतलज हिमालयातला गाळ घेऊन येते. त्यात गारगोटीचे कठीण कण असतात आणि ते पात्यांचा धातू अक्षरशः खरवडून नेतात. गाळ फार वाढला की टर्बाइने बंद ठेवावी लागतात. अशा झिजलेल्या पात्याची तपासणी करताना त्याचे पृष्ठ बिंदूबिंदूने मोजता येते, प्रत्येक बिंदूचा मूळ आराखड्यातला पत्ता शोधता येतो आणि त्या पत्त्यावर किती मिलिमीटर धातू कमी झाला, याचा सपाट नकाशा काढता येतो. त्याच पत्त्यांवर प्रवाहाच्या गणिताने पाण्याचा वेग किती दाखवला होता, तो दुसरा नकाशा शेजारी ठेवायचा. मग वेल्डिंगने भर कोठे घालायची आणि कठीण मुलामा कोठे चढवायचा, हे ठरवायला ते दोन कागद पुरतात.